एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी सहसंसर्ग

एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी या दोन्ही विषाणूंचा एकाच व्यक्तीच्या शरीरात एकाच वेळी असलेला संसर्ग म्हणजे सहसंसर्ग होय. एचआयव्ही हा रोगप्रतिकारशक्तीच्या सीडी४ पेशींवर, तर हिपॅटायटिस बी विषाणू यकृताच्या पेशींवर आघात करतो. दुसऱ्या आजारास बोलीभाषेत ‘पांढरी कावीळ’ असेही म्हटले जाते. मात्र दीर्घकालीन संसर्ग झालेल्या बहुसंख्य व्यक्तींमध्ये काविळीची कोणतीही खूण दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास २७ लाख व्यक्तींना हिपॅटायटिस बी चा दीर्घकालीन संसर्ग आहे.

प्रसाराचे मार्ग

दोन्ही विषाणू रक्त, असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित सुया आणि मातेकडून बाळाला अशा समान मार्गांनी पसरतात. त्यामुळे एकाची लागण झालेल्या व्यक्तीस दुसऱ्याचीही लागण झालेली असण्याचा संभव अधिक असतो. हस्तांदोलन, एकत्र जेवण, आलिंगन किंवा एकच शौचालय वापरणे यांमुळे यांपैकी कोणताही विषाणू पसरत नाही. दाढीचे पाते व दात घासण्याचा ब्रश मात्र स्वतंत्र असावा, कारण हिपॅटायटिस बी विषाणू शरीराबाहेरही किमान सात दिवस संसर्गक्षम राहू शकतो.

परस्परांवरील परिणाम

निरोगी प्रौढास हिपॅटायटिस बी ची लागण झाल्यास बहुतेक वेळा शरीर स्वतःच विषाणूवर मात करते. संसर्ग दीर्घकालीन होण्याचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती दुबळी झालेल्या प्रौढांमध्ये हे प्रमाण बरेच वाढते. रक्तातील विषाणूंची संख्या अधिक राहते, तसेच यकृताचे काठिण्य (सिऱ्होसिस) आणि यकृताचा कर्करोग यांकडे होणारी वाटचालही वेगाने होते.

या धोक्याचे मोजमाप अमेरिकेतील पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या दीर्घकालीन पाहणीत झाले. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. यकृताच्या आजाराने होणाऱ्या मृत्यूंचा वार्षिक दर केवळ हिपॅटायटिस बी असलेल्यांत दर हजारी ०.८ आणि केवळ एचआयव्ही असलेल्यांत १.७ होता; दोन्ही संसर्ग असलेल्यांत तो १४.२ इतका आढळला.

निदान

रक्तातील पृष्ठभागीय प्रतिजनाची (एचबीएसएजी) तपासणी ही निदानाची पहिली पायरी होय. हा प्रतिजन सहा महिन्यांहून अधिक काळ आढळत राहिल्यास संसर्ग दीर्घकालीन मानला जातो. त्यानंतर विषाणूच्या डीएनएचे प्रमाण, एएलटी हे यकृताचे विकर आणि यकृताच्या काठिण्याची अवस्था पाहिली जाते. एचआयव्हीचे निदान होताच ही तपासणी करावी, अशी शिफारस आहे.

उपचार

एचआयव्ही स्वतःच्या आरएनएपासून डीएनए तयार करतो. हिपॅटायटिस बी विषाणूच्या पुनरुत्पादनातही अशीच एक पायरी असते. त्यामुळे टेनोफोव्हिर, लॅमिव्युडिन आणि एमट्रिसिटाबिन ही औषधे दोन्ही विषाणूंना रोखतात. भारतात शासकीय एआरटी केंद्रांवर प्रौढांना प्रामुख्याने टेनोफोव्हिर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी दिवसातून एकदा विनामूल्य दिली जाते. तीतील पहिली दोन औषधे हिपॅटायटिस बी वरही काम करतात.

केवळ लॅमिव्युडिनवर विसंबणे धोक्याचे ठरते. सहसंसर्ग असलेल्या रुग्णांमध्ये चार वर्षांच्या अशा उपचारानंतर सुमारे ९० टक्क्यांत हिपॅटायटिस बी विषाणू या औषधास दाद देईनासा होतो. याउलट एन्टेकाव्हिर एकटेच दिल्यास एचआयव्हीमध्ये औषधरोध निर्माण होऊ शकतो. म्हणून हिपॅटायटिस बी वर स्वतंत्र उपचार सुरू करण्यापूर्वी एचआयव्हीची तपासणी आवश्यक ठरते.

उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत प्रतिकारशक्ती सावरू लागते आणि विषाणूबाधित यकृतपेशींवर हल्ला करते. त्यामुळे यकृतदाह तात्पुरता वाढू शकतो. टेनोफोव्हिरमुळे काही रुग्णांच्या मूत्रपिंडावर परिणाम होत असल्याने त्याच्या कार्याचीही नियमित तपासणी केली जाते.

उपचार थांबविण्याचा धोका

हिपॅटायटिस बी विषाणूचा डीएनए यकृतपेशीच्या केंद्रकात चिवटपणे टिकून राहतो. औषधे त्याचे पुनरुत्पादन रोखतात, परंतु सहसा त्यास समूळ नष्ट करीत नाहीत. त्यामुळे गोळ्या अचानक बंद केल्यास विषाणू पुन्हा उसळी घेतो आणि तीव्र यकृतदाह होतो. प्रसंगी यकृत निकामी होऊन मृत्यूही ओढवू शकतो. बरे वाटू लागल्यामुळे, प्रवासामुळे किंवा आजार उघड होण्याच्या भीतीने पडलेला खंडही यास कारणीभूत ठरू शकतो. काविळीवर झाडपाल्याचे औषध घेताना एआरटी बंद करणेही तितकेच घातक आहे. शिवाय अशी काही औषधे यकृतास स्वतंत्रपणे अपाय करू शकतात.

हीच दक्षता औषध बदलतानाही घ्यावी लागते. कॅबोटेग्राव्हिर आणि रिल्पिव्हिरिन या दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या इंजेक्शनांचा हिपॅटायटिस बी वर प्रभाव पडत नाही. म्हणून एचआयव्हीवरील औषधे बदलली, तरी हिपॅटायटिस बी वरील प्रभावी औषध चालू ठेवले जाते.

प्रतिबंध

हिपॅटायटिस बी वर प्रभावी लस उपलब्ध आहे. संसर्ग नसलेल्या व प्रतिकारक्षमता न आढळलेल्या एचआयव्हीबाधित प्रौढांनी ती घ्यावी. सीडी४ पेशींची संख्या २०० हून कमी असल्यास लसीचा प्रतिसाद क्षीण असतो. म्हणून काही वेळा दुप्पट मात्रा दिली जाते आणि नंतर प्रतिपिंडांचे प्रमाण तपासले जाते. जोडीदाराची तपासणी व लसीकरण, निरोधाचा वापर, तसेच नवजात बाळास जन्मानंतर २४ तासांच्या आत लसीची पहिली मात्रा हे अन्य महत्त्वाचे उपाय होत. मद्यपान टाळणे यकृताच्या दृष्टीने हिताचे असते.

भारतात राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. एचआयव्हीबाधितांशी उपचार, नोकरी व शिक्षण यांत भेदभाव करण्यास २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाने मनाई केली आहे.