राणीचें चरित्र वाचतांना

मध्ययुगांतील राणीचें चरित्र हातीं घेतांना वाचकानें प्रथम एक प्रश्न विचारावा : ही हकीकत सांगतो कोण, आणि घटनेनंतर किती वर्षांनीं? दिल्लीच्या सुलताना रझियेचें उदाहरण घ्यावें. ती १२३६ ते १२४० पर्यंत तख्तावर होती. तिचा समकालीन इतिहासकार मिनहाज-उस्-सिराज याचा ग्रंथ १२६० मध्यें पुरा झाला. राजाला शोभणारे सर्व गुण तिच्या अंगीं होते, हें तो मान्य करतो. परंतु ती पुरुष नव्हती, म्हणून ते व्यर्थ गेले, असें त्याचें मत. याकूत या हबशी सरदाराविषयीं तो इतकेंच सांगतो कीं, अश्वशाळेचा हा अधिकारी तिच्या मर्जीस चढला आणि तुर्क अमीरांना तें खुपलें.

पुढें नव्वद वर्षांनीं, १३५० मध्यें, दौलताबादेस येऊन राहिलेल्या इसामीनें आपलें इतिहासकाव्य पुरें केलें. त्यांत याकूत सुलतानेला हात देऊन घोड्यावर चढवूं लागतो! येथें लोकापवादास पाय फुटले, आणि १९८३ च्या ‘रझिया सुलतान’ या चित्रपटांत तर त्याची प्रेमकथाच झाली.

वास्तविक तंटा अधिकारपदांचा होता. मानाच्या जागा आपल्याच, असें समजणाऱ्या अमीरांना त्यांतील एक हबशाकडे गेलेली सहन झाली नाहीं. १२४० च्या बंडांत याकूत मारला गेला. त्याच वर्षीं रझियेचाही अंत झाला. कोणती गोष्ट प्रथम कोणीं व केव्हां सांगितली, हें जें चरित्र स्पष्ट करतें, तेंच तिला न्याय देतें.