वाढदिवसांची यादी कॅलेंडरात कशी घालावी?

आमच्या वर्गात वाढदिवसांचा तक्ता आहे. पण तक्ता बघायला विसरले की वाढदिवस निघून जातो. म्हणून गुरुजींनी आम्हाला तारखांची यादी संगणकावरून मोबाईलच्या कॅलेंडरात घालायला शिकवली. ती रीत मी सांगते.

प्रथम एक्सेलमध्ये दोन रकाने करावेत. वरच्या ओळीत इंग्रजीत 'सब्जेक्ट' व 'स्टार्ट डेट' असेच लिहावे. एकाखाली नाव व दुसऱ्याखाली तारीख लिहावी. वर्ष जन्माचे घालू नये, यंदाचे घालावे. नाहीतर वाढदिवस दहा वर्षे मागे जाऊन बसतो! मग फाईल 'सीएसव्ही' प्रकारात साठवावी. त्या फाईलीत रकान्यांच्या मध्ये नुसते स्वल्पविराम असतात.

नंतर संगणकावर गूगल कॅलेंडर उघडावे. 'वाढदिवस' नावाचे वेगळे कॅलेंडर करावे, म्हणजे काही चुकले तर तेवढेच पुसता येते. सेटिंगमध्ये 'इम्पोर्ट' असते. तिथे आपली फाईल व ते कॅलेंडर निवडून बटण दाबावे. सगळी नावे आपापल्या तारखेवर जातात आणि त्याच खात्याच्या मोबाईलवर दिसतात. 'दरवर्षी' हे मात्र फाईलीत लिहिता येत नाही. ते प्रत्येक नावाला मागून लावावे लागते.

यात माझी एक चूक झाली. तारखेत महिना आधी लिहायचा असतो. मी मैत्रिणीची ७ ऑगस्ट ही तारीख ७/८ अशी लिहिली, तर ती ८ जुलैला गेली. १२ च्या पुढचा महिना नसतो म्हणून तिथली चूक कळते, पण १२ पर्यंतची चूक कळत नाही. म्हणून यादी दोनदा तपासावी.

मग मी घरच्यांची यादी केली. बाबांच्या दाखल्यावर १ जून होता. आजोबांचा १ जून, शेजारच्या काकांचाही १ जून! मी आजीला विचारलं, "सगळे एकाच दिवशी कसे गं जन्मले?" आजी हसली न् बोलली, "तुझा बाप म्हशाच्या जत्रेच्या दिवशी झाला. त्या साली माझी जत्रा हुकली." म्हशाची जत्रा पौष पौर्णिमेला भरते. म्हणजे थंडीत, जूनमध्ये नाही.

गुरुजींनी सांगितले की पूर्वी पुष्कळ घरी जन्मतारीख लिहून ठेवत नसत. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून नाव घालताना १ जून लिहीत. कागदावरची तारीख तशीच राहू दे, पण कॅलेंडर आपले आहे, त्यात खरी घाल, असे ते बोलले. म्हणून मी बाबांना पौष पौर्णिमेवर घातले. त्यांना 'दरवर्षी' लावले नाही, कारण तिथीची तारीख दर साली बदलते. ती भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून घालायची.

संगणक आपण लिहू तेच दाखवतो. खरी तारीख त्याला माहीत नसते. माझ्या बाबांची फक्त आजीला माहीत होती.

पालकांना विनंती, घरात बाळ जन्मले की २१ दिवसांत जन्माची नोंद करावी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेत नाव घालायला जन्मदाखलाच लागतो. आणि आपला जन्म कधीचा, ते आजच घरी जाऊन आपल्या आईला विचारावे.

– इयत्ता चौथी, वैशाखरे