एका पिझ्झ्याच्या बदल्यात

आपली खाजगी माहिती परक्याच्या हाती गेलेली चालेल का? वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक मुलं 'नाही' म्हणतील. पण हे झालं मत. प्रत्यक्ष वेळ आली की तीच मुलं कशी वागतील, हे कसं शोधायचं?

कॅथरिन टकर या मार्केटिंगच्या प्राध्यापिका. ऑक्सफर्डला शिकून त्यांनी स्टॅनफर्डला अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली आणि २००५ पासून त्या अमेरिकेतल्या एम.आय.टी.त आहेत. मार्केटिंगमध्ये कसलं आलंय संशोधन, असं आम्हा प्रयोगशाळेतल्या मंडळींना वाटायचं. टकर, सुसान अथे आणि ख्रिश्चन कॅटालिनी यांचा एक प्रयोग वाचला आणि ते मत आम्ही सोडून दिलं.

२०१४ साली एम.आय.टी.च्या पदवीच्या विद्यार्थ्यांना शंभर डॉलर किमतीचं बिटकॉइन हे संगणकी चलन फुकट देऊ केलं गेलं. तीन हजारांहून जास्त मुलांनी नावं नोंदवली. नोंदणीत खाजगीपणाबद्दलची त्यांची मतं विचारली होती, आणि मित्रमैत्रिणींचे ईमेल पत्तेही मागितले होते. त्यातल्या निम्म्या मुलांना सांगितलं, पत्ते द्या, मित्रांबरोबर खायला पिझ्झा मिळेल. उरलेल्यांना नुसतेच पत्ते मागितले.

कोणाला पिझ्झा सांगायचा हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. सगळं इथंच आहे. ज्यांना हवा त्यांनाच पिझ्झा दिला असता, तर फरक पिझ्झ्यामुळे पडला की ती मुलंच मुळात बेफिकीर होती, हे कळलं नसतं. चिठ्ठ्यांमुळे दोन्ही गटांत सावध आणि बेफिकीर मुलं सारखीच विखुरतात.

मित्राचा पत्ता द्यायचा नसला तर मुलं खोटा पत्ता लिहितात. म्हणून खोटे पत्ते मोजले की सावधपणा मोजता येतो! पिझ्झ्याच्या गटात खोट्या पत्त्यांचं प्रमाण घटलं. आणि 'खाजगीपणा मला फार महत्त्वाचा वाटतो' असं म्हणणाऱ्यांमध्येही ते घटलं. इथं दिला गेला तो पत्ता मित्राचा होता, आणि त्या मित्राला कोणी विचारलं नव्हतं. आम्हाला हेच जास्त टोचलं.

मग लोकांना खाजगीपणाची पर्वाच नाही, असं म्हणायचं का? माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांना हा निष्कर्ष सोयीचा आहे, पण तो घाईचा आहे. याच प्रयोगात बिटकॉइन ठेवायला कोणतं 'पाकीट' घ्यायचं, हे मुलांना निवडायचं होतं. काही पाकिटांत व्यवहार जास्त उघडे पडत, काहींत कमी. यादीत जे वर दिसलं तेच पुष्कळांनी घेतलं, स्वतःच सांगितलेल्या मताशी ते जुळो वा न जुळो. म्हणजे यादी कोणी आणि कशी मांडली, याचाही निवडीत वाटा असतो.

टकर यांचा आणखी एक अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. पूर्व आफ्रिकेतल्या मुलींच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या फेसबुकवर जाहिराती चालू होत्या. काही सर्वसाधारण होत्या, तर काही वाचणाऱ्याच्या आवडीनिवडी हेरून लिहिलेल्या. त्याच सुमारास, २०१० मध्ये, आपली माहिती कोणाला दिसावी हे ठरवणं फेसबुकनं वापरणाऱ्यांना सोपं करून दिलं. जाहिरातदारांना मिळणारी माहिती मात्र तीच राहिली. तरीही आवडीनुसार लिहिलेल्या जाहिरातींना मिळणारा प्रतिसाद जवळजवळ दुप्पट झाला. सर्वसाधारण जाहिरातींच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही.