एका पायावरचा फलंदाज



बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा प्रचारांत नाहीं. परंतु जपानांत तो आपल्या क्रिकेटइतकाच लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे. त्या खेळांतील एका तरुणाची हकीकत आज आपणांपुढें मांडावयाची आहे. मुलांना कांहीं शिकवूं पाहणाऱ्या प्रत्येकास ती उपयोगी पडेल.

हा तरुण म्हणजे सादाहारू ओ. त्याचा जन्म १९४० सालीं टोकियोंत झाला. वडील चिनी, आई जपानी. शाळेंत असतांना चेंडू फेंकणारा म्हणून त्यानें नांव मिळविलें. १९५९ सालीं योमिउरी जायंट्स या बलाढ्य संघानें त्याला घेतलें. मात्र तेथें त्यास फलंदाज करण्यांत आलें. आरंभींच दैव फिरलें. लागोपाठ २६ वेळां त्याला एकही यशस्वी फटका साधला नाहीं. वर्षाअखेर हिशेब झाला तेव्हां शंभर संधींमागें यश जेमतेम सोळा! ढोबळ मानानें सांगावयाचें तर तीन चेंडू हुकले कीं फलंदाज बाद, असा त्या खेळाचा नियम आहे. त्या रीतीनें तो त्या वर्षीं ७२ वेळां बाद झाला. त्याचें आडनांव ज्या अक्षरानें लिहितात, त्याचा अर्थ 'राजा'. प्रेक्षक त्यावर कोटी करून 'चेंडू हुकविणाऱ्यांचा राजा' म्हणून त्याची हुर्यो उडवीत. पुढील दोन वर्षांत थोडी सुधारणा झाली, पण मनाजोगती नव्हे.

१९६२ सालीं हिरोशी अराकावा हे त्या संघाचे फलंदाजीचे शिक्षक झाले. दोष कोठें होता, तो पाहूं. चेंडू फेंकणारा सुमारें साडेअठरा मीटर अंतरावर उभा असतो. वेगवान चेंडू तेवढें अंतर अर्ध्या सेकंदाच्या आंत तोडतो. फटका मारण्यापूर्वीं ओ याचे हात उगीच हिसका घेत आणि मग बॅट निघे. ती हालचाल क्षणार्धाची. पण तेवढ्यांत चेंडू निघून जाई. बाहूंत बळ होतें. वेळ मात्र हुकत होती. आतां, 'हात हलवूं नकोस' असें सांगितल्यानें हात का थांबतो? उलट मन हातांतच गुंतून पडतें आणि चेंडूवरचें लक्ष उडतें.

अराकावांनीं निराळा उपाय योजिला. त्यांनीं पायाला काम दिलें. चेंडू येण्यापूर्वींच डावखुऱ्या ओनें पुढचा, म्हणजे उजवा पाय गुडघ्यांत वांकवून उचलावयाचा आणि डाव्या पायावर तोल सांवरून उभें राहावयाचें. चेंडू आला कीं पाऊल पुढें टाकून सर्व भार फटक्यांत ओतावयाचा. एका पायावर उभ्या असलेल्या माणसानें हात उगीच हलविले तर त्याचा तोलच जाईल. अशा रीतीनें दोषाला जागाच उरली नाहीं.

१ जुलै १९६२ रोजीं ओ या पवित्र्यानें प्रथम सामन्यांत उतरला, आणि त्याच दिवशीं त्यानें चेंडू सीमेपार धाडला. पण एका दिवसाच्या यशानें पवित्रा अंगीं मुरत नाहीं. अराकावा हे आयकिदो या युद्धविद्येचे अभ्यासक. त्यांनीं ओ याच्या हातीं खरी तरवार दिली व टांगलेला कागद कापावयास लाविलें. नुसतें बळ लाविलें तर कागद हलतो, कापला जात नाहीं; त्यास नेमकेपणाच हवा. हा सराव नेटानें चालला. त्या वर्षीं ओ यानें ३८ 'होम रन', म्हणजे सीमापार फटके, मारले. १९६४ सालीं ५५ मारले. १९७७ सालीं त्यांनीं अमेरिकेच्या हँक आरन यांचा ७५५ चा आंकडा ओलांडला, आणि १९८० सालीं ते निवृत्त झाले तेव्हां ही संख्या ८६८ झाली होती.

मीं जन्मभर शाळामास्तरकी केली. माझ्या वर्गांत एक मुलगा लेखणी इतकी आवळून धरी, कीं कागदाच्या पाठीवर ठसे उमटत आणि उत्तरपत्रिका अर्धीच राही. 'आवळूं नकोस' असें मीं त्याला वर्षभर बजाविलें. शेवटीं तो लिहिण्यालाच भिऊं लागला. फळ्यावर खडूनें, खांद्यापासून हात फिरवून, मोठालीं अक्षरें काढावयास त्याला लावावें, हें मला तेव्हां सुचलें नाहीं. ओ यांची हकीकत वाचतांना तो मुलगा माझ्या डोळ्यांपुढें उभा राहिला.

'असें करूं नकोस' हें कोणीही सांगतो. 'त्याऐवजीं हें कर' असें सांगण्यासाठीं मात्र मुलाकडे नीट पाहावें लागतें. आपल्या घरांतील मुलांपुरतें तरी आपण तेवढें पाहावें, एवढीच विनंती.