केशकर्तन व्यवसायाचे व्यवस्थापन व विपणन : बलुत्यापासून सलूनपर्यंत

प्रस्तावना :
विपणनशास्त्राच्या अध्यापनात उदाहरणे बहुधा मोठ्या उद्योगांची दिली जातात. साबण, मोटारी, भ्रमणध्वनी यांच्या बाजारपेठेची चर्चा होते. परंतु महाविद्यालयासमोरील दोन खुर्च्यांचे केशकर्तनालय अभ्यासाच्या कक्षेबाहेरच राहते. वस्तुतः सेवा व्यवसायाची सर्व वैशिष्ट्ये या लहानशा दुकानात एकत्र आढळतात. या व्यवसायाचे अर्थकारण स्पष्ट करणे आणि त्यातून त्याच्या विपणनाचे स्वरूप उलगडणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे होत.

१. ग्राहक या संकल्पनेतील बदल :
पारंपरिक ग्रामव्यवस्थेत नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. धोकटी घेऊन तो घरोघरी जाई व सुगीच्या वेळी त्यास धान्यरूपाने बलुते मिळे. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आले आहे. या व्यवस्थेत घरे वंशपरंपरेने ठरलेली असत. त्यामुळे ग्राहक शोधण्याची गरज नव्हती. मात्र याच व्यवस्थेने अनेकांना ही सेवा नाकारली. साताऱ्यात न्हावी अस्पृश्यांचे केस कापण्यास तयार नसत, म्हणून आपल्या थोरल्या बहिणीला ते काम करावे लागे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नमूद केले आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ नुसार दुकानात प्रवेश करण्याबाबत जातीच्या कारणावरून निर्बंध घालता येत नाही. बलुत्याचा ग्राहक जन्माने ठरत असे, तर सलूनचा ग्राहक स्वेच्छेने येतो व स्वेच्छेने दुसरीकडे जाऊही शकतो. विपणनाचा प्रश्न येथूनच सुरू होतो.

२. रिकाम्या खुर्चीचे अर्थकारण :
केशकर्तनाचा साठा करता येत नाही. मंगळवारी दुपारी रिकामी राहिलेली खुर्ची रविवारच्या गर्दीत उपयोगी पडत नाही. २०२० च्या टाळेबंदीत हे प्रकर्षाने दिसून आले. मार्चअखेर बंद झालेली महाराष्ट्रातील सलून २८ जूनपासून मर्यादित सेवांसह उघडण्यास परवानगी मिळाली. तीन महिन्यांनी आलेल्या ग्राहकाने एकदाच केस कापून घेतले. मधल्या काळातील बुडालेले उत्पन्न परत आले नाही. दुकानभाड्याचा भार मात्र कायम होता.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मालक स्वतः काम करतो, दर ८० रुपये आहे व प्रत्येक ग्राहकामागे ब्लेड, पावडर इत्यादींचा खर्च ५ रुपये येतो. भाडे, वीज व इतर स्थिर खर्च दरमहा १५,००० रुपये, तर कुटुंबाच्या निर्वाहासाठी आणखी १५,००० रुपये लागतात. ३०,००० रुपयांस ७५ ने भागल्यास महिन्याला ४०० वेळा खुर्ची भरणे आवश्यक ठरते. २६ दिवस काम धरल्यास ही संख्या रोज १५ ते १६ होते. ग्राहक ३० दिवसांनी येत असेल तर असे ४०० ग्राहक हवेत. तोच २१ दिवसांनी आला तर २८० पुरेसे होतात. याचा अर्थ असा की, १२० नवे ग्राहक मिळविणे आणि आहेत त्यांना नऊ दिवस लवकर आणणे यांचे आर्थिक फल समान आहे. लहान दुकानास यांपैकी दुसरा मार्ग अधिक सुकर असतो.

३. विपणनाचे घटक :
मॅकार्थी यांनी १९६० मध्ये वस्तू, किंमत, स्थान व प्रवर्तन हे चार घटक मांडले. सेवांसाठी बूम्स व बिटनर यांनी १९८१ मध्ये त्यांत व्यक्ती, प्रक्रिया व भौतिक पुरावा यांची भर घातली. सलूनमध्ये हेच शेवटचे तीन घटक निर्णायक ठरतात. अनेक गावांत व्यावसायिकांच्या संघटना दरपत्रक ठरवितात. त्यामुळे किमतीच्या स्पर्धेस फारसा वाव उरत नाही.

व्यक्ती : ग्राहक दुकानापेक्षा विशिष्ट हाताकडे येतो. त्याच्या केसांचा भोवरा, मागील वेळची कापणी, कानाजवळचा व्रण हे ज्याच्या लक्षात राहते, त्याचा ग्राहक सहसा तुटत नाही. ज्याचे जावळ काढले, तोच पुढे आपल्या मुलाला घेऊन येतो.
प्रक्रिया : प्रतीक्षा हे ग्राहक परत जाण्याचे प्रमुख कारण होय. दूरध्वनीवरून वेळ ठरवून देणे, ज्येष्ठांना व विद्यार्थ्यांना आठवड्यातील रिकाम्या वेळी बोलावणे, यांस खर्च येत नाही. श्रावणात अनेक ग्राहक केस-दाढी करीत नाहीत. त्या मंदीची तरतूद आधीच करावी लागते.
भौतिक पुरावा : ग्राहकासमोर नवे ब्लेड उघडणे ही सर्वांत प्रभावी जाहिरात होय. वापरलेल्या ब्लेडमुळे कावीळ ब व क यांसारख्या रक्ताद्वारे पसरणाऱ्या आजारांचा धोका संभवतो. स्वच्छ टॉवेल आणि ठळक दरफलक यांतूनही विश्वास निर्माण होतो.

४. कारागीर व भांडवल :
ग्राहक हाताशी जोडलेला असल्यामुळे कुशल कारागीर दुकान सोडून गेला की त्याचे ग्राहकही जातात. केवळ उचल देऊन त्याला बांधून ठेवता येत नाही. टक्केवारीचा चोख हिशेब व नवे कौशल्य शिकण्याची संधी हे उपाय अधिक टिकाऊ ठरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत केशकर्तनाचा समावेश आहे. तीत प्रशिक्षण, साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत ३ लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. मात्र आरसे व खुर्च्या कर्जातून घेता येतात, ग्राहकाचा विश्वास घेता येत नाही. कर्जाचा हप्ताही स्थिर खर्चात मिळविला पाहिजे. वरील उदाहरणात दरमहा ३,००० रुपयांच्या हप्त्यासाठी आणखी ४० वेळा खुर्ची भरावी लागेल.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, स्थानिक सलूनमध्ये व्यवस्थापन व विपणन या दोन स्वतंत्र बाबी नाहीत. वेळ पाळणे, हत्यारे स्वच्छ ठेवणे व ग्राहकास लक्षात ठेवणे हेच तेथील विपणन होय. वातानुकूलित साखळी दुकानांशी सजावटीत स्पर्धा करू पाहणारा लहान व्यावसायिक आपला स्थिर खर्च वाढवून बसतो; नऊ दिवसांचे गणित ओळखणारा टिकून राहतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना परिसरातील एखाद्या सलूनचा महिनाभराचा जमाखर्च मांडण्याचा प्रकल्प दिल्यास समविच्छेद बिंदूची संकल्पना त्यांना प्रत्यक्षात समजेल. त्याचबरोबर पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय करणाऱ्यांच्या कौशल्याकडे आदराने पाहण्याची दृष्टीही त्यांना लाभेल.