‘कामगार’, ‘कुटुंब’ आणि ‘आजार’ : नोकरीबाहेरील आरोग्यविम्यातील तीन संज्ञा

‘विमा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत ‘बीम’ म्हणजे भय. त्यावरून झालेल्या ‘बीमा’चे आपण ‘विमा’ केले आणि मूळचे भय बोलणाऱ्याच्या जाणिवेतून पुसले गेले. ठाणे-बेलापूर मार्गावरील पावणे येथे मात्र ते अधूनमधून पुन्हा जागे होते. या गावाभोवती औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. रासायनिक कारखाने, गोदामे आणि लहान कर्मशाळा यांवर हजारो घरे चालतात. कायम नोकरीत असलेल्याच्या विम्याची काळजी मालक वाहतो. ठेकेदाराकडचा मजूर, टेंपोचालक, खानावळवाली, नोकरी सुटलेला पर्यवेक्षक यांना ती स्वतः वाहावी लागते. अशा माणसाचे भवितव्य पुष्कळदा पैशाइतकेच शब्दांच्या व्याख्यांवर अवलंबून असते, आणि म्हणूनच हा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकानेही हाताळावा असा आहे.

पहिला शब्द ‘कामगार’. ठेकेदाराचा मजूर स्वतःस कंपनीचा माणूस मानीत नाही, आणि कंपनीही त्यास तसे मानीत नाही. कायद्याची भाषा निराळी आहे. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने ठेकेदारामार्फत कारखान्याच्या आवारात राबणाऱ्यासही व्याख्येत घेतले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी योजना चालूच आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत, १ जानेवारी २०१७ पासून ठरलेल्या दरमहा २१,००० रुपयांच्या वेतनमर्यादेच्या आत असणारा मजूर या योजनेत येतो. जुलै २०१९ पासून कामगाराची वर्गणी वेतनाच्या पाऊण टक्का व मालकाची सव्वातीन टक्के आहे. तेव्हा ‘मला विमा नाही’ असे म्हणणाऱ्या मजुराने प्रथम वेतनचिठ्ठी पाहावी. वर्गणी कापली जात असेल, तर त्याच्यासह त्याच्या कुटुंबासही औषधोपचाराचा हक्क आहे. नोकरी सुटल्यावरही हा हक्क त्याच दिवशी संपत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असल्यास, पुढील जानेवारी ते जून या काळातील उपचार त्यास मिळू शकतात.

दुसरा शब्द ‘कुटुंब’. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून सर्व शिधापत्रिकाधारकांचा, म्हणजे शुभ्र शिधापत्रिकावाल्यांचाही, समावेश झाला असून संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्षी पाच लाख रुपयांपर्यंत आहे. हप्ता भरावा लागत नाही. येथे कुटुंब म्हणजे शिधापत्रिकेवर नावे असलेली माणसे. गावाकडच्या पत्रिकेवर नाव राहिलेला भाऊ, किंवा लग्नानंतर जिचे नाव अद्याप चढविलेले नाही अशी सून, बोलीतल्या कुटुंबात असते आणि कागदावरच्या कुटुंबात नसते. नाव चढविण्याचे काम दुखणे येण्यापूर्वी करावयाचे असते. योजना ‘अंगीकृत’ रुग्णालयांत आणि यादीतील उपचारांपुरती चालते. बाह्यरुग्ण विभागातील नेहमीच्या गोळ्या तीत येत नाहीत. रुग्णालयातील आरोग्यमित्रास पत्रिका व ओळखपत्र आधी दाखवावे, हे उत्तम.

तिसरा शब्द ‘आजार’, आणि खरी अडचण येथेच आहे. वेतनमर्यादेच्या वरचा, यादीबाहेरच्या उपचारांची धास्ती असलेला माणूस खासगी विमापत्र घेतो. (२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर उठला आहे, एवढी सवलत खरी.) अर्जात प्रश्न असतो : पूर्वीचा कोणता आजार आहे काय? आपल्या बोलीत आजार म्हणजे अंथरूण धरावयास लावणारी गोष्ट. ‘थोडी शुगर आहे’, ‘बीपीची गोळी चालू आहे’ असे म्हणणारा मनुष्य स्वतःस आजारी समजत नाही. तो ‘नाही’ लिहितो, आणि त्याच्या भाषेच्या दृष्टीने तो खोटे बोलत नसतो. विमापत्राच्या व्याख्येत मात्र, विमा सुरू होण्याच्या आधीच्या ३६ महिन्यांत वैद्याने निदान केलेली किंवा ज्यावर सल्ला वा उपचार झाला अशी कोणतीही व्याधी ‘पूर्वस्थित’ ठरते. दुखत होते की नाही, हा प्रश्नच नाही. कागद आहे की नाही, हा आहे. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगारांची ठरावीक काळाने तपासणी होते, तिचा अहवालही असा कागद होऊ शकतो.

खरे लिहिल्याने तोटा होतो, अशी समजूत आहे. होतो तो विलंब : पूर्वस्थित व्याधीसाठी वाट पाहण्याचा काळ २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने आहे. हप्ता वाढू शकतो, क्वचित अर्ज नाकारला जातो. लपविले तर दावा फेटाळला जातो, आणि विमापत्रही रद्द होऊ शकते. सलग ६० महिने विमा चालल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज कंपनीस ही हरकत घेता येत नाही. पण पाच वर्षे दुखणे थांबत नाही. ज्याचे नोकरीतील गट-विमापत्र संपणार आहे त्याने त्याच कंपनीच्या वैयक्तिक विमापत्रात जाण्याची विचारणा नोकरी सुटण्यापूर्वीच करावी. कंपनीने स्वीकारल्यास आधी काढलेला प्रतीक्षाकाळ त्याच्या खाती जमा धरला जातो.

खोलीभाड्याच्या मर्यादेचीही एक मेख आहे. प्रतिदिनी ५,००० रुपयांची मर्यादा असता १०,००० ची खोली घेतली, तर भाड्यातील फरकाबरोबरच शुल्कादी काही संलग्न खर्चही निम्म्याने कापला जाऊ शकतो.

विमापत्र बहुधा इंग्रजीत असते. तथापि त्यासोबत द्यावयाचे माहितीपत्रक ग्राहकाच्या इच्छेनुसार स्थानिक भाषेत मिळण्याची तरतूद आहे, आणि विमापत्र हाती आल्यावर ३० दिवसांत ते परत करता येते. प्रस्तुत लेखकाच्या मते मराठी पत्रक मागून घ्यावे, आणि ते घरात एकाने मोठ्याने वाचावे व दुसऱ्याने अर्जाच्या प्रतीशी ताडून पाहावे. ‘आजार’ या शब्दापाशी दोघांनीही थांबावे.