मानेच्या शस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि मानसिक स्वास्थ्य

प्रस्तावना :
मानेच्या मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतूवर दाब आल्यास तो शस्त्रक्रियेने दूर करता येतो. तथापि, शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही काही रुग्णांची वेदना कायम राहते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या अशा वेदनेस वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना मानते. ‘हे सारे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणून तिची बोळवण करणे अशास्त्रीय आहे.

विवेचन :
रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार वेदनेचे संदेश मज्जारज्जूतच कमी-अधिक होतात आणि त्यावर मेंदूचेही नियंत्रण असते. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेच्या २०२० च्या सुधारित व्याख्येतही वेदना हा संवेदनात्मक तसाच भावनिक अनुभव मानला आहे. म्हणजेच चिंता व नैराश्य वेदना तीव्र करू शकतात. वेदना मात्र खरीच असते. वेदनेच्या भीतीने रुग्ण मान हलविणे टाळतो, त्यामुळे स्नायू ताठर व दुर्बल होतात, झोप मोडते, मन खचते आणि वेदना पुन्हा वाढते. हे दुष्टचक्र केवळ वेदनाशामक गोळ्यांनी तुटत नाही.

निष्कर्ष :
हातापायांत नव्याने आलेला अशक्तपणा, बधिरता, ताप किंवा श्वास घेण्यास वा गिळण्यास होणारा त्रास ही लक्षणे मानसिक न समजता शल्यचिकित्सकाने तातडीने तपासावीत. तसे कारण नसल्यास व्यायामोपचारास बोधात्मक वर्तनोपचाराची जोड द्यावी. रुग्णाची मानसिक स्थिती शस्त्रक्रियेपूर्वीच जाणून घेणे हा उपचाराचाच भाग ठरावा.